चांदव्यांच्या काकू

“पाय दाखव बाळा,” असं म्हणत काकू पक्ष्याला उताणं धरायच्या. एडिनबरातल्या आमच्या तळ्याकाठी हे दृश्य तुम्ही पाहिलं असतं, तर माझ्यासारखेच थबकला असतात. सत्तरी ओलांडलेल्या, हॉस्पिटलच्या प्रसूतिविभागातून निवृत्त झालेल्या डॉक्टरबाई, गुडघ्यांना चिखल, आणि हातात नखं मारणारा काळा चांदवा. कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पाणपक्षी इथे कुठल्याही तळ्यावर दिसतो.

मी पुण्याहून नोकरीसाठी नवीनच आले होते. “याला कोण विचारतं, काकू?”

“म्हणूनच. दुर्मिळ पक्ष्यांना विचारणारे खूप आहेत.”

त्यांनी रीतसर ट्रेनिंग घेऊन पक्षी पकडायचं परमिट मिळवलं होतं. काठावर दाणे टाकायचे, चांदवा टप्प्यात आला की हातानेच झडप घालायची. पायात नंबराची रिंग घालून, वजन करून सोडून द्यायचं. पुढे तो कुणाला सापडला की कळतं, हिवाळ्यात कुठे गेला, किती जगला. एकदा हॉलंडहून त्यांना ईमेल आली. काकूंचा मला लगेच फोन. “अगं, समुद्र ओलांडला त्याने. आणि जिवंत आहे.” आवाज पहिलटकरणीच्या आईला बातमी सांगावी तसा.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्सची सुरुवात होती. एका सकाळी त्यांनी रिंग बसवायची पक्कड पायाजवळ नेली, थांबल्या, आणि पक्षी तसाच सोडून दिला.

“पाय दुखावला तर तो पोहणार कसा?” एवढंच म्हणाल्या. परमिट त्यांनी आपणहून परत केलं. कुणी मागितलं नव्हतं.

त्यानंतर त्या नुसते दाणे घेऊन यायच्या. पण त्या दिसल्या की चांदवे थेट तळ्याच्या मधोमध.

“माझा कोट ओळखतात. तुझा दे बघू.”

आम्ही कोट बदलले. एकही आला नाही.

“चालही ओळखतात, लबाड.” हसल्या, मग म्हणाल्या, “इतकी वर्षं पकडलंय ना मी. घाबरतायत तेच बरं. जगतील.” दाण्यांची मूठ मात्र पुढेच होती.

मुलगी त्यांना कायमचं लंडनला, एजवेअरला घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी काठावर दाणे पसरले आणि रस्त्याकडे चालू लागल्या. मी मागेच थांबले. हळूहळू एकेक चांदवा काठावर चढला.

“काकू, आले.”

त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत. “कुणाच्या पायात रिंग आहे का?”

“दोघांच्या.”

“खाऊ दे मग,” म्हणाल्या, आणि पाठमोऱ्याच, कठड्याला धरून चढ चढू लागल्या.