कोरडी लिहिलेली विहीर

टँकर सुरू होण्याआधी माय आणि मी लांबून हंडे आणायचो. माझं अंबडचं कॉलेज बुडायचं.

भूजल खात्याचा माणूस गावविहिरीची पातळी मोजायला आला, तेव्हा टँकर नुकताच तिच्यात रिकामा झाल्ता. त्यानं फीत सोडली, ओलं टोक अंगठ्यानं पुसलं, पुन्हा सोडली.

"लिहा की साहेब, भरलीय," माय अभिमानानं म्हणाली.

"मावशी, हे लिहिलं तर टँकर बंद होईल."

"पाणी दिसून राह्यलं, तरी न्हाई लिहायचं?"

"विहिरीचं लिहायचंय, टँकरचं न्हाई."

भरलेली विहीर कोरडी कशी, मलाही कळेना. दोन दिवसांनी गावानं पाणी उपसल्यावर तो पुन्हा आला, तळाला फीत टेकवली आणि मगच लिहिलं.

टँकर चालू राहिला. त्या वर्षी मी बीए झाले, घरातली पहिली.