तांबडं

देल्मो गास्ताल्दी दुसऱ्यांच्या शेतात तणनाशक फवारायचा. वीसेक वर्षं त्यानं तेवढंच केलं. उंच चाकांवरची टाकी आणि दोन्ही अंगांना उघडणारे लांब पंख, असं त्याचं यंत्र. आम्ही सगळे त्याला डास म्हणायचो. देल्मोला ते आवडायचं नाही. "डास रक्त पितो. माझं यंत्र कोणाचं काही पीत नाही," म्हणायचा.

मी आमच्या गावच्या क्लबाचं उपाहारगृह चालवते, त्यामुळे गावातले सगळे पुरुष मला दुपारी एकनंतर दिसतात तसे माहीत आहेत. देल्मो हात धुतल्याशिवाय खुर्चीवर बसायचा नाही. नोझल साफ करायला त्याच्याकडे दात घासायचे जुने ब्रश असत. त्याची बायको नेल्वा वैतागायची, "माझ्या ताटापेक्षा त्या टाकीला जास्त घासतो हा माणूस!" पण तिलाही अभिमान होता. देल्मोनं फवारलेलं सोयाबीन रस्त्यावरून ओळखू यायचं. मधे काडीभर काही उगवलेलं नसायचं.

मग तांबडं आलं. माठाच्या जातीतलंच, लाल देठाचं तण. तसं ते इथं नेहमीच होतं, पण हे वेगळं निघालं. पहिल्या वर्षी ओविदिओ राक्काच्या शेतात, कुंपणाच्या कडेला एक पट्टा उरला. देल्मो जाऊन पुन्हा फवारून आला. तण आठवडाभर माना टाकून उभं राहिलं आणि मग खालून फुटलं. पुढच्या वर्षी तो पट्टा अर्ध्या शेतात पसरला होता.

ओविदिओ आणि देल्मो शाळेपासूनचे मित्र. रोज एकाच टेबलावर पत्ते खेळायचे. जानेवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी ओविदिओनं हातातले पत्ते खाली ठेवले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "देल्मो, औषध कुठं विकतोस रे?"

"काय?"

"माझे कॅन घेऊन जातोस आणि शेतात पाणी शिंपडतोस. लेका, आंधळा नाही मी."

कोणीतरी हसलं. देल्मो हसला नाही. त्याची मान लाल झाली. पत्ते पालथे घालून तो उठला आणि पंख्याखाली उभा राहिला. मग म्हणाला, "उद्या सकाळी तू ये. कॅनचं सील तूच फोड. टाकीत तूच ओत. हवं तर तिप्पट ओत. शेजारी बसून ये माझ्या. आणि दोन आठवड्यांनी गाव घेऊन ये बघायला."

"येतो," ओविदिओ म्हणाला.

तसंच झालं. ओविदिओनं स्वतःच्या हातानं तिप्पट औषध ओतलं. त्या दोन आठवड्यांत देल्मो क्लबात आला नाही. नेल्वा पाव न्यायला आली तेव्हा म्हणाली, "झोपेत बडबडतो गं. म्हणे, सगळ्यांसमोर टोपी काढून माफी मागायला लावीन त्याला."

रविवारी चर्च सुटल्यावर पंधरा-वीस जण शेतावर गेलो. मीही गेले. ऊन मी म्हणत होतं. बारीकसारीक तणं वाळून भुगा झाली होती. तांबडं मात्र कमरेएवढं उभं होतं, हिरवंगार, तुऱ्यांवर आलेलं. वारा आला की तुरे हलायचे.

ओविदिओ आत शिरला. एक झाड दोन्ही हातांनी उपटू लागला, ते येईना. तिसऱ्या हिसक्याला मुळासकट आलं. ते हातात धरून तो नुसताच बघत राहिला. मग खरोखरच त्यानं टोपी काढली.

"चुकलो मी, देल्मो."

आम्हाला वाटलं, आता देल्मो काहीतरी बोलेल. इतके दिवस घोळवलेलं असणार मनात. पण त्याचं तोंड उतरलं होतं. म्हणाला, "असू दे. तू म्हणत होतास तेच खरं निघायला हवं होतं. मी चोर असतो तर मला हाकलून दुसरा आणला असतास. झालं असतं काम."

प्रत्येकाला स्वतःचं शेत आठवत होतं. परतताना गाड्यांत रेडिओसुद्धा कोणी लावला नाही.

त्यानंतर जे जे करता येतं ते केलं. शहरातून सल्लागार आले, तीन औषधं एकत्र करायला सांगून गेले. दोन हंगाम ते चाललं. एकदा वारा फिरला आणि त्या औषधाच्या वाफेनं नेल्वाच्या द्राक्षाच्या मांडवाची पानं आकसून वाळली. वाळलेल्या वेली तिनं स्वतः कापून जाळल्या. तिसऱ्या हंगामात तांबडं त्या औषधांनाही पुरून उरलं. माणसं लावून हातानं उपटलं. माणसं पुढं सरकायची, मागं दोन सरींत नवं उगवलेलं असायचं. एकेका झाडाला लाखांनी बी, आणि कापणीचं यंत्र ते बी या शेतातून त्या शेतात वाहून न्यायचं. ओविदिओनं शेवटी जमीन बाहेरच्या लोकांना खंडानं दिली आणि तो रिओ क्वार्तो शहरात मुलीकडे राहायला गेला. जाताना देल्मोला कडकडून भेटला.

देल्मोला बोलावणारं कोणी उरलं नाही. उत्तरेकडचा एक माणूस यंत्र घ्यायला तयार झाला. त्याच्याकडच्या तणांवर अजून साधं औषध चालत होतं. यंत्र द्यायच्या आदल्या दिवशी देल्मोनं ते क्लबाच्या अंगणात आणलं, कारण इथं पाण्याला जोर आहे. सकाळपासून सूर्य कलेपर्यंत धूत होता. तारेनं प्रत्येक सांधा खरवडला, चाकांच्या खाचा चाकूनं कोरल्या. मी म्हटलं, "अरे, नवरीला नटवतोयस का?"

"बी राहता कामा नये," तो म्हणाला. "दळलेल्या मिरीसारखं असतं. दिसत नाही."

घेणाऱ्यालाही त्यानं बजावलं, शेतात घालण्याआधी पुन्हा धू. तो "हो हो" म्हणाला आणि गेला.

गेल्या पावसाळ्यानंतर बातमी आली, त्या भागातही तांबडं निघालं. यंत्रातून गेलं, की ट्रकमधून, की गवताच्या गठ्ठ्यांतून, की तिथलं तिथंच माजलं, कोण सांगणार? बातमी सांगणाऱ्या धान्याच्या ट्रकवाल्याला देल्मो कोण हे ठाऊकही नव्हतं. देल्मो माझ्या काउंटरला टेकून कॉफी पीत होता. ट्रकवाला जाईपर्यंत तो कॉफी ढवळत राहिला.

मग म्हणाला, "तू बघितलंस ना गं? धुतलं होतं मी."

"बघितलं की. दिवसभर धूत होतास."

"मग?"

मी काउंटर पुसायला घेतला. कॉफी राहिली होती तशीच ठेवून तो घरी गेला. हल्ली तो येतो, बसतो, पण पत्त्यांच्या टेबलावर त्याला कोणी बोलावलं तरी उठत नाही. बसल्या बसल्या बोटांच्या नखांतली माती काढत राहतो, आणि माती तिथं नसतेच.