सायमीच्या धक्क्यावरचा शेवटचा कुइक्का

सायमी केत्तुनेनने आपली चूक कबूल केल्याचं आमच्या गावात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. एकदा चर्चच्या कॉफीसाठी तिने गोड पावात साखरेऐवजी मीठ घातलं. वर म्हणाली, "कॉफीत साखर आहे ना? मग पाव कशाला गोड हवा?" लोकांनी तो मुकाट्याने संपवला.

गोठलेल्या सरोवरात डुंबणाऱ्या आमच्या गावातल्या बायकांचं एक मंडळ आहे. त्यांचा पंप सायमीच्या ताब्यात. तो धक्क्यापाशी पाणी ढवळत राहतो, म्हणून तेवढी जागा गोठत नाही आणि सौनाच्या गरम वाफेतून निघून थेट पाण्यात उतरता येतं. नवरा गेल्यापासून सोळा हिवाळे तिने हे काम एकही दिवस न चुकवता केलं. खरं सांगायचं तर पंपाच्या घरघरीचीच तिला सोबत होती.

त्या वर्षी ऑक्टोबर सरता सरता हंससुद्धा दक्षिणेला निघून गेले. मागे राहिला एक कुइक्का, त्याच उन्हाळ्यात जन्मलेला पाणपक्षी. आईबाप केव्हाच गेले होते. हा मात्र बुड्या मारत, मासे खात रेंगाळला होता. पंप सुरू झाल्यावर तो धक्क्याजवळच राहू लागला. सायमी त्याला रोज "सुप्रभात, साहेब" म्हणायची.

तिचा धाकटा दीर तौनो मासेमार होता. तो मुद्दाम येऊन म्हणाला, "वहिनी, चार दिवस पंप बंद ठेवा. पाण्यावर लांबवर धावल्याशिवाय कुइक्काला उडता येत नाही. इथे पाणी उघडं दिसतंय म्हणून तो बसून राहिलाय. भोवतालचं गोठलं की अडकला."

"भावजी, पाखराला अक्कल असते. जायचं तेव्हा जाईल."

"अक्कल सगळ्यांनाच असती तर मी इथवर कशाला आलो असतो?"

"आलात तसे जा मग!"

तो पाय आपटत गेला. पंप चालूच राहिला. तीन दिवस वारा पडला आणि थंडीने दात दाखवले. रविवारी मंडळाच्या बायका लोकरीच्या टोप्या घालून पहिल्या डुबकीसाठी आल्या, तर सगळं सरोवर टणक झालेलं. धक्क्यापाशी आठ-दहा पावलांचं काळं पाणी, आणि त्यात कुइक्का गोल गोल फिरत होता. पंख मारत तो धावला, बर्फाच्या कडेवर छातीने आपटला, परत पाण्यात पडला. पुन्हा धावला. पुन्हा आपटला. सगळ्यांच्या नजरा सायमीवर होत्या.

अंगावरच्या झग्यानिशी ती तौनोच्या दारात जाऊन उभी राहिली. "भावजी, जाळं घ्या."

"आता काय झालं?"

"माझं चुकलं. माझ्यामुळे तो मरेल."

तौनोने टोपी शोधण्यातही वेळ घालवला नाही.

त्याने धक्क्यावरून जाळं सोडलं. कुइक्काने बुडी मारली आणि त्यात गुरफटला. तो बुडून गुदमरू नये म्हणून सायमी छातीएवढ्या पाण्यात उतरली आणि त्याला दोन्ही हातांनी वर उचललं. त्याने चोचीने तिच्या मनगटावर भळभळती जखम केली. तिने पकड सोडली नाही.

गावाबाहेरच्या मोठ्या सरोवराच्या तोंडाशी पाणी वाहतं असतं, ते उशिरा गोठतं. पक्ष्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन ती तौनोच्या गाडीत तिथवर गेली. पाण्यात सोडल्यावर तो पिसं साफ करत निवांत बसला.

"चला, वहिनी, गारठाल."

"तो उडाल्याशिवाय मी हलत नाही."

तासभर दोघं काठावर उभी होती. मग कुइक्का एकाएकी धावत सुटला. इतका लांब धावला की आता काही हा उठत नाही असं वाटलं, आणि त्याच क्षणी पाण्यापासून सुटला. झाडांच्या शेंड्यांवरून वळून दक्षिणेला गेला. नवऱ्याच्या दफनाच्या वेळी न रडलेली सायमी ढसाढसा रडली.

"मी सांगितलं होतं" हे म्हणायची संधी तौनो चाळीस वर्षं शोधत होता. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याने रुमाल काढला आणि तिच्या मनगटाला बांधला.

"छान उडाला, वहिनी," एवढंच तो म्हणाला.