वसुधाताईंनी खोडलेलं वाक्य

वसुधाताई केळुसकरांची आणि माझी पहिली भेट जर्सी सिटीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात झाली. निवृत्त वकील असलेल्या ताई दर शनिवारी तिथे बसतात आणि जुन्या गुन्ह्याची नोंद पाठीशी लागलेल्या माणसांना अर्ज लिहायला मदत करतात, एवढं मी ऐकलं होतं. त्या माणसांपैकी मी एक होतो. ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या वाचकांतल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसेल. आता झालं.

एका छोट्या आयटी कंपनीत मॅनेजर असताना मी व्हिसाच्या कागदांवर खोटी माहिती दिली होती. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, तुरुंगाऐवजी मिळालेलं देखरेखीखालचं प्रोबेशन पूर्ण केलं. पुढे शाळेत गणित शिकवायचं मनात होतं, पण प्रत्येक बॅकग्राउंड चेकमध्ये ते प्रकरण वर यायचं. राज्याच्या कोर्टातली शिक्षा असती तर नोंद पुसून घेण्यासाठी तिथे अर्ज करता आला असता. फेडरल गुन्ह्याला ती सोय नाही; माझ्यासाठी उरली होती फक्त राष्ट्राध्यक्षांची माफी.

“माफी मिळाली तरी नोंद पुसली जात नाही,” ताईंनी आधीच बजावलं. “फक्त तिच्या शेजारी ‘माफ केलं’ असं येतं. चालेल?”

मी हो म्हणालो. त्यांनी मला आधी मराठीत लिहायला लावलं. इंग्रजीत माणूस लपतो, असं त्यांचं मत. ‘कागदांवर माझी सही झाली’ या वाक्याशी त्यांचं पेन थांबलं.

“झाली? आपोआप?”

“कंपनीचं प्रेशर होतं, ताई.”

“असेल. सही कुणी केली?”

“मी.”

“मग तसं लिहा. नाहीतर अर्जच करू नका.” आणि त्यांनी ते वाक्य खोडलं. मला राग आला. आठवडाभर चैन पडली नाही. पुढच्या शनिवारी ‘मी सही केली’ असं लिहून नेलं.

अर्जाला नात्याबाहेरच्या तिघांची शपथपत्रं लागतात, आणि ती देणाऱ्यांना गुन्हा माहीत असावा लागतो. दोन मित्रांना माहीत होता. तिसरे वेस्ट विंडसरमधले आमचे शेजारी नेनेकाका. त्यांना सांगायचं धैर्य होत नव्हतं. ताई गाडी काढून आल्या. “तुम्ही आत जा. मी बाहेर बसते.” कडाक्याच्या थंडीत त्या तासभर गाडीत बसून राहिल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला या भानगडीत ओढू नका.” मी बाहेर आलो तेव्हा ताईंनी एकच विचारलं, “सांगितलंत?” सही मिळाली का, हे विचारलं नाही. चार दिवसांनी काकू स्वतः आल्या आणि म्हणाल्या, “मी देते सही. त्यांचं मी बघते.”

दोन वर्षांनी पत्र आलं: अर्ज नामंजूर. कारण दिलेलं नव्हतं. त्याच सुमारास ओळखीपाळखीने माफी मिळवलेल्यांच्या बातम्या येत होत्या. माझी मुलगी म्हणाली, “सो दे जस्ट सेड नो? नो रीझन?” मी ताईंना फोन केला. त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाल्या, “मलाही संताप आलाय. पुन्हा अर्ज करता येईल, पण दोन वर्षं थांबावं लागेल. तोवर शनिवारी येत जा. माझ्या टेबलापाशी माणसं खूप आहेत.”

तेव्हापासून मी जातो. ताई एका जागी बसत नाहीत. एकाचा फॉर्म, दुसऱ्याच्या कोर्टाला फोन, तिसऱ्याच्या रडणाऱ्या बायकोला पाणी. ज्याचं काम होतं त्याचं अभिनंदन करतात आणि लगेच म्हणतात, “नेक्स्ट.” या गौरवग्रंथाचं कळलं तेव्हा वैतागून म्हणाल्या, “तेवढ्या वेळात चार अर्ज झाले असते.”

ताई, पंच्याहत्तरीनंतरही तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य मिळो. या शुभेच्छेत माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. माझा दुसरा अर्ज गेला आहे आणि अजून उत्तर नाही. रोज टपालपेटी उघडून बघतो. ते पत्र होकाराचं असो की नकाराचं, मला ते तुमच्यासमोर उघडायचं आहे.