एका अंथरुणाचं घड्याळ

“झोप झाली का?” दवाखान्यात पाऊल टाकता टाकताच ती विचारायची. आमच्या कोल्हापुरात माणूस भेटला की चहाचं विचारायची रीत. हिचं भलतंच, आणि तेही गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. नंबर लावून बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात मी ईसीजी काढतो. डॉक्टरांनी मागची खोली तिला संशोधनासाठी दिली होती. पोरगी जवळच्याच गडमुडशिंगीची, तिशीतली, पीएचडी उरकलेली. “मग आता काय शिकतीस?” मी विचारलं.

“पोस्टडॉक, काका. पीएचडीनंतरचं संशोधन. लहानपणी ज्यांनी लई सोसलं, त्यांची झोप मोठेपणी कशी असते आणि त्याचा काळजावर काय परिणाम होतो, ते बघायचं.”

“एवढं शिकून लोकांची झोप मोजणार?” म्हटल्यावर ती अशी खदखदून हसली, की मशीनला जोडलेला पेशंटही हसला आणि त्याचा ईसीजी वाकडातिकडा आला. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हसला असता.

इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांना तिनं झोप मोजणारी घड्याळं मनगटावर बांधायला दिली. आठवड्यानं ती गोळा करून संगणकासमोर बसली आणि ओरडतच उठली. “काका, नाद खुळा! ह्यो माणूस रात्री बी झोपलाय, दिवसा बी झोपलाय! मग माग कोण चालवतोय?”

मलाही चेव आला. काढली मोटारसायकल आणि पाळी बदलायच्या वेळेला दोघं इचलकरंजीत.

तिथं दोन भाऊ निघाले. खोली एक, अंथरूण एक. थोरला दिवसपाळीला, धाकटा रातपाळीला. एक उठला की दुसरा त्याच उबेत आडवा, आणि उठणारा आपल्या हातातलं घड्याळ झोपणाऱ्याच्या हातात बांधून जायचा. थोरला निरागसपणे म्हणाला, “मॅडम, तुमीच म्हणालासा न्हवं, घड्याळ झोपंचं हाय? मग झोपंल त्येनं घालायचं की!”

शेजारच्या खोल्यांतही हाच प्रकार. सगळी मेहनत पाण्यात. तिथूनच तिनं पुण्याच्या आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. ते म्हणाले, इचलकरंजी सोडा, वसतिगृहातली मुलं घ्या, सोपं पडेल. दुसरी कोणी रडली असती. ही बोळातच कडाडली, “सर, मला पोरं नकोत! मला हीच माणसं पाहिजेत! ह्यांची झोप कधी कुणी विचारलीय का?”

थोरला दारात उभा राहून ऐकत होता. याआधी लहानपणाचं विचारलं की ‘झकास हुतं’ म्हणून तो मोकळा व्हायचा. आता आपणहून पुढं आला. “मॅडम, खरं सांगू? बा पिऊन आला की मारायचा. धाकट्याला घिऊन पळता यावं म्हणून म्या जागाच ऱ्हायचो. आता बा न्हाय, पर झोप बी न्हाय. जरा खुट्ट झालं की ताडकन उठतोय.”

तिच्या हातातला फोन तसाच चालू होता. पलीकडून सर हळूच म्हणाले, “ठीक आहे. पुन्हा कर.” तिनं बोळात उडीच मारली.

या वेळी प्रत्येकाला स्वतंत्र घड्याळ मिळालं. थोरल्याचा रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. तिनंच त्याला आमच्या डॉक्टरांसमोर आणून बसवलं, औषधं सुरू करून दिली. अभ्यास पुरा झाला आणि ती पुढच्या कामासाठी बंगळुरूला गेली. मागच्या खोलीत आता औषधांची खोकी आहेत. मला करमत नाही, सरळच सांगतो.

परवा थोरला तपासणीला आला. भर दुपार, दवाखाना गच्च भरलेला, बाहेर रिक्षांचे भोंगे, आत पोरांची रडारड. मी ईसीजी काढला, वायरी सोडवल्या, कागदाची पट्टी फाडून वळून बघतो तर हा पठ्ठ्या घोरतोय! मी तडक तिला फोन लावला.

“काय सांगताय!” ती एवढ्यानं ओरडली, की मी फोन कानापासून लांब धरला. “उठवू नका, काका! अजिबात उठवू नका!”

पुढच्या नंबराचे गृहस्थ पडदा सरकवून आत डोकावले. मी त्यांना हातानंच थोपवलं. “पावणं, जरा दम धरा. आत माणूस झोपलाय.”