फुटामागे पाव इंच

जगातली कुठलीही वस्तू थंड झाल्यावर केवढी उरेल, हे नुसतं बघून सांगणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत त्यांनी अडतीस वर्षं पॅटर्न बनवले. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रत. तिचा ठसा वाळूत उमटवायचा आणि त्या ठशात पोलादाचा रस ओतायचा. पण रस निवताना आकसतो, म्हणून लाकडी प्रत थोडी मोठी करावी लागते; या वाढीव मापाला ते लोक 'अलाउन्स' म्हणतात. दर वेळी किती मोठी याचा हिशेब करत बसायला नको म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा एक फूट आपल्या फुटापेक्षा पाव इंच लांब. दिसायला साधी स्टीलची पट्टी, एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. शेजारी खरी पट्टी ठेवल्याशिवाय फरक कळायचा नाही. मामींनी मामांच्या प्रत्येक पँटला मांडीच्या शिवणीवर एक लांब खिसा शिवून दिला होता, आणि त्यात ती पट्टी असायची. लग्नात असायची, दवाखान्यात असायची, निवृत्त झाल्यावर तर जास्तच असायची.

माणूस पट्टी वापरता वापरता स्वतःच पट्टी होतो की काय कोण जाणे, पण मामांनी अख्ख्या आयुष्याला अलाउन्स लावला होता. शर्ट दोन बोटं ढगळ शिवायचे, कारण कापड आकसतं. बेळगाव स्टेशनवर गाडीच्या आधी दीड तास जाऊन बसायचे, कारण त्यांच्या मते घरातून निघताना हातात असलेला वेळ रस्त्यात आकसतो. मी आमच्या हिला बघायला मच्छेला गेलो तेव्हा हिचे वडील हयात नव्हते, त्यामुळे निकाल मामांच्या हाती. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत असं काही न्याहाळलं की माझा चहा सांडला. मग आतल्या खोलीकडं तोंड करून, मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगा बरा हाय. लग्नानंतर जरा आकसंल, त्येवढं धरून चाला." लग्नाला चौदा वर्षं झाली. अंदाज अचूक निघाला, असं आमची ही सांगते.

तर हा माणूस एका रविवारी टिळकवाडीत आमच्या घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "पाव्हणं, सहा हजार मीटरचा एक डोंगर चढायचा म्हणतोय." मला वाटलं, देवदर्शन असेल कुठलं तरी. पण मामांनी पिशवीतून एक कागद काढला. लडाखातल्या एका शिखराचा नकाशा, सगळा वेड्यावाकड्या तपकिरी रेघांनी भरलेला. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी ते शिखर बघितलं होतं आणि मग शोध शोध शोधलं होतं. शिखर नवख्यांना चढता येण्यासारखं होतं. बरोबर वाटाड्या मिळतो, दोरी मिळते, बूट मिळतात. "तुम्ही भूगोल शिकिवताय न्हवं? मग ह्या रेघा काय म्हणत्यात ते सांगा." मी समोच्च रेषा समजावून दिल्या. वीस वर्षं मी त्या फळ्यावर काढतोय, पण मी स्वतः चढलेला सर्वांत उंच डोंगर म्हणजे येळ्ळूरचा गड, तोही निम्म्यापर्यंत मोटारसायकलनं.

मी विचारलं, "पण मामा, ह्या वयात कशाला?" त्यांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम केलं ओ. पंप म्हणा, व्हॉल्व्ह म्हणा, कुणीतरी काढून दिलेलं. एकदा असली वस्तू हातानं शिवून बघायची हाय, जिचं ड्रॉइंग कुणीबी काढलं न्हाय." त्रेसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, रक्तदाबाची गोळी चालू. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून दाखला दिला, पण बजावून दिला, "एवढी एकच वेळ. पुढच्या वर्षी माझ्याकडं येऊ नका, मी सही करणार नाही." म्हणजे डोंगर चढायचा तो याच जुलैत, नाहीतर कधीच नाही. मामींनी वेगळी अट घातली, "जावई संगं असतील तरच जावा." त्या एका वाक्यानं माझी उन्हाळ्याची सुट्टी तयारीत आणि साठलेली रजा जुलैत गेली.

त्यानंतरचे चार महिने मी जे पाहिलं त्याला तयारी म्हणणं म्हणजे अपमान आहे. मामांनी आधी तो डोंगर लाकडात बनवला. एकेका समोच्च रेषेची एकेक प्लायची चकती कापली, एकावर एक चिकटवली आणि रंधा-पटाशीनं असा काही कोरला की मी तोंडात बोट घालून उभा राहिलो. दरी, सोंड, हिमनदी, सगळं हाताला लागत होतं. तळाचा तंबू, वरचा तंबू, माथा, अशी भोकं पाडून त्यात खुंट्या बसवल्या. त्या डोंगराचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. "आपला डोंगर" एवढंच. मापं बघितली तर तीही त्यांच्याच पट्टीची. मी म्हटलं, "अहो, हा काय ओतायचाय का?" गंभीरपणे म्हणाले, "आज न्हाय. पर उद्या कुणाला ओतावासा वाटला तर?"

खाण्याचं तर विचारू नका. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये त्यांनी भाकरी, कुंदा, चिक्की, खजूर आणि शेंगदाण्याची चटणी एक दिवस ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मला समोर बसवून एकेक चावायला लावलं. चिक्कीनं माझ्या दाढेची चांदी काढली. मामांनी वहीत शांतपणे लिहिलं, 'चिक्की – रिजेक्ट.' खजूर आणि चटणी पास झाली. दर रविवारी पाठीवर दहा दहा किलो फौंड्रीची वाळू घेऊन आम्ही येळ्ळूरचा गड चढायचो. उतरताना मी वाळू सांडायचा विचार करायचो, तर मामा मागं न बघता म्हणायचे, "पाव्हणं, वजन कमी झाल्यालं मला आवाजावरनं कळतं." आणि खरंच कळायचं. ओतीव वस्तूवर हातोडीची टिचकी मारून, आत चीर आहे की नाही हे कानानं ओळखणारा माणूस तो.

जूनमध्ये लेहहून कागद आला. भाड्याच्या जाड बुटांसाठी पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. दुकानातल्या नंबरावर मामांचा काडीचा विश्वास नाही. त्यांनी घराच्या पुढच्या सोप्यावर वर्तमानपत्र अंथरलं, माझं पाऊल त्यावर ठेवलं, सुताराच्या पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली आणि मांडीवरच्या खिशातून पट्टी काढली. मग स्वतःचं पाऊल. दोन्ही आकडे फॉर्मात लिहिले आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना, सही केली.

लेहला आम्हाला जो वाटाड्या मिळाला तो तिशीचा, कमी बोलणारा, उन्हानं रापलेला. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वर चढायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं, हे तो नवख्यांना रोज समजावून थकत असेल. मामांना पहिल्या वाक्यात कळलं. "गरम माल एकदम पाण्यात घातला की तडकतो. हळूहळू निवू द्यायचा. हा पोरगा फौंड्रीत चालला असता." मामांनी वही दाखवली. त्यात तासातासाचा हिशेब, प्रत्येक टप्प्याला जास्तीचा वेळ, परत फिरायची वेळ तांबड्या शाईत. वाटाड्यानं ती दोनदा वाचली आणि तेव्हापासून तो मामांना 'उस्ताद' म्हणू लागला.

बूट घालून बघताना माझी बोटं पुढं टेकली. वाटाड्यानं विचारलं, "ठीक है?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाले, "नाप हमने लिया है." आता सांगा, ज्यांनी हयातीत एक माप चुकवलं नाही, ज्यांनी माझ्या बायकोचं कन्यादान केलं, त्यांच्या तोंडावर मी कसं म्हणू की घट्ट होतंय? मी म्हटलं, "एकदम ठीक." गाढवपणा, दुसरं काय! ते बूट फक्त शेवटच्या दिवशी घालायचे होते, त्यामुळे तोवर माझा गाढवपणा पिशवीत सुखरूप राहिला.

शेवटच्या दिवशी अंधारात निघालो. आम्ही तिघं एका दोरीवर, पुढं वाटाड्या, मधे मी, मागं मामा. मला फक्त दिव्याचा एक गोल दिसत होता आणि त्यात माझे स्वतःचे बूट. मग उजाडलं. ते उजाडणं मला सांगता येत नाही. मी भूगोलाचा मास्तर, 'पर्वतरांगा' हा शब्द हजार वेळा उच्चारलेला, आणि त्या खरोखर रांगेनं उभ्या आहेत हे मला त्या सकाळी कळलं. एकीच्या मागे एक, त्यामागे आणखी एक, आणि सगळ्यांवर एकाच वेळी ऊन आलं. पायाखालचा बर्फ गुलाबी झाला. मी मागं वळून बघितलं तर मामा टोपी काढून हातात धरून उभे होते, देवळात उभे असल्यासारखे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. वर माथा दिसत होता, त्यांच्या लाकडी डोंगरावर होता तसाच, किंचित डावीकडं कललेला. वाटाड्या म्हणाला, दीड तास.

मला तेव्हा उजव्या पायाची बोटं असल्याचं कळत नव्हतं. बराच वेळ कळत नव्हतं. मी दात आवळून चालत होतो, कारण मागच्या माणसाला ही एकच वेळ होती. दहा मिनिटं गेली असतील नसतील, मागून दोरी ताणली गेली.

"पाव्हणं, थांबा. उजव्या पावलाचा आवाज बदललाय."

"काही नाही मामा, चला."

"बोटं हालवा."

"हलतायत की."

"खोटं बोलताय. बसा खाली."

वाटाड्यानं बूट दाबून बघितला, मला दोन प्रश्न विचारले आणि त्याचा चेहरा बदलला. "उस्ताद, आज इतनाही," तो म्हणाला. दोरी एक, वाटाड्या एक; मला एकट्याला मागं सोडणं त्याच्या नियमात बसत नव्हतं. मी म्हटलं, "मी बसतो हिथंच, तुम्ही दोघं जाऊन या. दीड तासानं काय होतंय?" तो नाही म्हणत होता, मी हात जोडत होतो. मामांनी आमच्या दोघांकडं बघितलंच नाही. त्यांनी माथ्याकडं बघितलं. किती वेळ, मला माहीत नाही. मग टोपी घातली, कानावर नीट ओढली आणि म्हणाले, "खाली."

अर्ध्या तासावर खडकांचा आडोसा होता. तिथं मामांनी माझे बूट काढले, मोजे काढले, स्वतःच्या जॅकेटची चेन उघडली आणि माझी दोन्ही पावलं आपल्या उघड्या पोटावर घेतली. मी ओरडलोच, "मामा, काय करताय! पाय लागतोय तुम्हाला, सोडा." ते म्हणाले, "गप बसा. लग्नात हेच पाय धुतलेत मी. तवा पाणी गार हुतं म्हणून कुरकुरला हुतासा, आता ऊब घ्या." बऱ्याच वेळानं बोटांत कळ आली, आणि ती अशी आली की मी लहान पोरासारखा रडलो. कळ निम्मी, बाकीचं दुसरं. मी म्हटलं, "मामा, माझ्यामुळं तुमचा डोंगर राहिला." ते माझे पाय चोळत म्हणाले, "पॅटर्न माथ्याएवढा केलता. निवून एवढा आला. रिजेक्ट न्हाय, पास हाय." पण हे म्हणताना ते वर बघत नव्हते.

माझी बोटं वाचली. मच्छेला परत आल्यावर फौंड्रीतले जुने सोबती चहाला जमले आणि विचारू लागले. मी तोंड उघडायच्या आत मामांनी सांगून टाकलं, "माझाच दम संपला रं. जावई तयार हुते." मी "अहो पण" म्हणालो, तर असं काही बघितलं माझ्याकडं की मी पोह्यांत तोंड घातलं.

दिवाळीनंतर एका रविवारी मी एकटाच मच्छेला गेलो. मामा सोप्यावर बसले होते, पुढं वर्तमानपत्र. त्यावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावलेल्या, एक त्यांची आणि एक कुठल्यातरी पोराच्या दप्तरातली प्लॅस्टिकची. एक टोक जुळलेलं होतं, दुसरं जुळत नव्हतं. मी बघितलं आणि सगळं समजलं. माझं पाऊल त्यांच्या पट्टीवर अर्धा सेंटिमीटर कमी भरलं होतं. अर्धा सेंटिमीटर म्हणजे बुटाचा जवळजवळ एक नंबर.

"अडतीस वर्सात पयली चूक," मामा म्हणाले. "आणि ती बी असली."

मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि स्वतःची नखं दाखवा की त्यास्नी." मामा पाय मागं घेऊ लागले, पण मी बघितलं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळली होती, खाली नवी कोवळी येत होती. चार महिने झाले होते.

"म्हणजे तुमचे बूट पण?"

"मग? पट्टी एकच हुती न्हवं."

म्हणजे त्या सकाळी, टोपी हातात धरून ते रडत उभे होते तेव्हा त्यांचीही बोटं तशीच चेंगरलेली होती. स्वतःच्या पायासाठी ते परत फिरले नसते, हे मला आईशप्पथ माहीत आहे.

"पाय ठेवा," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा माझ्या पावलाभोवती रेघ ओढली, प्लॅस्टिकच्या पट्टीनं मोजली, वहीत 'सव्वीस' लिहिलं आणि खाली सही केली. "पुढल्या खेपेला हा आकडा द्या. माथ्यावर गेलासा की हातानं शिवा. आणि कसा लागतो ते मला सांगा."

मी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली. म्हटलं, "आता तुम्ही ठेवा." ते नको नको म्हणत होते. मामी म्हणाल्या, "ठेवा वो, जावई म्हणत्यात तर." मग त्यांनी ठेवला. अडतीस वर्षं फौंड्रीत उभं राहून रुंदावलेला, पेन्सिलीची गुदगुली झाली की आक्रसणारा. ते एवढ्या शहाण्यासारखे बसले होते की मला त्यांच्याकडं बघवेना. मी पट्टी लावली.

"जेवढा हाय तेवढाच लिवा," ते हळूच म्हणाले. "आता अलाउन्स नको."

साडेचोवीस भरत होता. मी वही जरा माझ्याकडं वळवून घेतली आणि पंचवीस लिहिलं.