सात नंबरची दुसरी बाटली

शांताक्का जाधव यांच्यावर अन्याय झाला. गेल्या शनिवारी, सकाळी अकरा चाळीसला, बंगळुरात महादेवपुऱ्यातल्या एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये. करणारे आम्ही पाच परीक्षक. त्यातली एक मी, म्हणून हे लिहिणं मलाच भाग आहे.

मी दारूच्या दुकानांच्या एका साखळीत वाइन टेस्टर आहे. काम ऐकून लोक डोळे मिचकावतात. प्रत्यक्षात सेंट न लावता, कॉफी न पिता, सकाळपासून एकेक वाइन तोंडात फिरवायची, थुंकायची आणि शंभरपैकी गुण द्यायचे. ऐंशीच्या वर गेली, तर ती वर्षभर आमच्या शेल्फवर. खाली राहिली, तर नाही. छोट्या वाइनरीचं नशीब त्या एका आकड्यावर.

शांताक्का बनशंकरीच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरणारं. दोड्डबळ्ळापूरकडे द्राक्षांचा मळा. वाइन करायला त्या, यजमान आणि सून. एकच रेड वाइन करतात. यंदा शेल्फ मिळालं नाही तर द्राक्षं मोठ्या कंपनीला द्यायची आणि स्वतःचं लेबल बंद करायचं, असं घरात ठरलं होतं.

आमच्याकडे बाटल्यांवर कापडी पिशव्या असतात, वर फक्त नंबर. सात नंबर ग्लासात आला. नाकाजवळ नेला, तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. फळाचा मागमूस नाही. याला आम्ही ‘कॉर्क्ड’ म्हणतो. बुचाच्या सालीत कधीकधी एक रसायन तयार होतं आणि वाइनची चव मारून टाकतं. एका बाटलीत होतं, शेजारच्या बाटलीत नसतं. म्हणूनच प्रत्येक वाइनच्या तीन बाटल्या मागवतात. एक चाखायला, दोन राखीव. शंका आली की राखीव उघडायची. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे.

मी हात वर केला. “सर, सात नंबर कॉर्क्ड आहे. दुसरी उघडा.”

देशमुख सर आमचे पॅनल हेड. पुण्याचे. घड्याळ बघत म्हणाले, “अगं, छोटी वाइनरी असेल कुणाची. तळघरं घाण असतात यांची. गुण टाक नि पुढे चल. अजून एकोणीस बाकी आहेत.”

“मग राखीव बाटल्या कशाला मागवल्या? शोभेला?”

“पत्रकं वाटायची सवय काही गेली नाही तुझी.”

बाकीचे हसले. कॉलेजात गेटवर उभी राहून आंदोलनाची पत्रकं वाटायचे, हे मीच एकदा चहाला सांगितलं होतं. गाढवपणा माझाच.

मी गुणांच्या जागी लिहिलं, ‘सदोष बाटली, गुण नाहीत.’ बाकी चौघांनी गुण दिले. सरासरी एकाहत्तर. टॅबवर सबमिट केलं की लॉक.

पिशव्या काढल्या तेव्हा कळलं, सात नंबर शांताक्कांची. त्या सुनेबरोबर लॉबीत बसल्या होत्या. त्यांच्या हातात शेरा पडला : ‘तळघराचा कुबट वास. स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.’

“टाक्या तर दोनदोनदा धुतो गं आम्ही,” त्या मला म्हणाल्या. “कढत पाण्यानं. हिचे हात बघ की.”

सुनेने हात पदराखाली घेतले.

मी स्टोअरकडे धावले. राखीव बाटल्या नव्हत्या. स्टुअर्ड म्हणाला, लंचला गेल्या. लंचच्या टेबलावर आमचं पॅनल बसलेलं. मेनन सर, तो शेरा लिहिणारे, ग्लास उजेडात धरून म्हणत होते, “ये कौनसी है? जामुन, काली मिर्च... फर्स्ट क्लास!”

स्टुअर्डने बाटली वळवून लेबल दाखवलं. शांताक्कांचं. मी घोटभर ओतून चाखली.

“हीच सात नंबर,” मी म्हटलं.

मेनन सरांनी ग्लास खाली ठेवला. मग देशमुख सर म्हणाले, “जेवणाबरोबर सगळंच छान लागतं गं.”

“मग पिशवी घालून परत चाखू. अजून एक सीलबंद आहे.”

“स्कोअर लॉक झालाय. एकाचा उघडला तर सगळे मागतील.”

“मागू देत की! खराब बाटली निघाली तर मागायलाच हवं.”

“तू जेवून घे बघू आधी.”

मी जेवले नाही. त्याने कुणाचं काही अडलं नाही.

सोमवारी यादी लागली. एकाहत्तर. मी वर मेल केला, उत्तर आलं, ‘नोटेड.’ काल शांताक्कांचा फोन आला. “सरी, असू दे. कंपनीच्या कागदावर सही केली बघ. द्राक्षं तरी जातील की. तू स्वल्प गप्प राहा, नोकरी जाईल.”

वाइन महान होती असं मी म्हणत नाही. शहाऐंशीची होती. पण गुण देताना ती कुणी चाखलीच नाही. आम्ही एक बूच चाखलं आणि एका घराला गलिच्छ म्हटलं. दुसरी बाटली उघडायला दोन मिनिटं लागतात, आणि ती वाचवणाऱ्याला आमच्याकडे एफिशियंट म्हणतात.

आता तुमचं काम. आमच्या दुकानात बाटलीखाली गुणांची चिठ्ठी लावलेली असते. काउंटरवर विचारा, “हे गुण देताना शंका आली तेव्हा दुसरी बाटली उघडली का?” सांगता आलं नाही तर मॅनेजरला बोलवा आणि चिठ्ठी काढायला लावा. तो काढेपर्यंत काउंटरवरून हलू नका.